पुढच्या फेरीपर्यंत

धनंजय कोथळे यांच्या सांगलीतल्या घरात दिवसभर दर वीस मिनिटांनी एक सूर वाजायचा. पेटीची काळी पट्टी कुणीतरी हलकेच दाबून सोडावी तसा. तो वाजला की घरातलं सगळं जिथल्या तिथे थांबायचं. हातातला फोन कानापासून दूर व्हायचा, कुकर शिट्ट्या घालत राहायचा, दाराशी आलेल्या माणसाला हातानंच थोपवलं जायचं. कारण पुढची दोन मिनिटं शुभदा बोलायची.

बोलायची म्हणजे 'हो' म्हणायची, नाहीतर 'नाही' म्हणायची. तेवढंच.

शुभदा मुलींच्या शाळेत खो-खो शिकवायची. मैदानाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या मुलीला शिट्टीशिवाय जागेवर थांबवेल, असा तिचा आवाज. पंचेचाळिशीत तिच्या उजव्या हाताच्या बोटांतली ताकद गेली. आधी खडू धरता येईना, मग कंगवा. मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं निदान झालं आणि मग एकेक गोष्ट जात राहिली. पाय गेले, जीभ गेली, श्वास गेला. गळ्यात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. डोळे हलत होते तोवर ती अक्षरांच्या तक्त्याकडे बघत एकेक शब्द जुळवायची. पुढे डोळेही थांबणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून त्याआधीच, तिच्या संमतीनं, तिच्या कवटीखाली एक जाळी बसवली गेली.

"हा आजार मेंदूपासून स्नायूंपर्यंत जाणारी वाट तोडतो," डॉ. पाटणे यांनी धनंजयला समजावलं होतं. "हुकूम सोडणारा मेंदू शाबूतच असतो. शुभदाताईंनी 'मी धावतेय' असं मनात आणलं, तर पाय हलणार नाहीत, पण पाय हलवणाऱ्या भागात विजेची खळबळ होणारच. हातानं काही करायचा विचार केला तर ती दुसऱ्या भागात होईल. पोस्टाच्या तिकिटाएवढी ही जाळी कुठला भाग जागा झाला ते ओळखते. आपण फक्त ठरवायचं, 'हो' म्हणजे कुठला आणि 'नाही' म्हणजे कुठला."

ते शुभदानंच तक्त्यावर ठरवलं. 'हो' म्हणायचं असेल तेव्हा ती मनातल्या मनात खांबाकडे धावत सुटणार होती. 'नाही' म्हणायचं असेल तेव्हा ओवीची, म्हणजे तिच्या मुलीची, वेणी घालणार होती.

जाळी कायम चालू ठेवता येत नव्हती. वाचताना ती मेंदूला किंचित चेतवायची, आणि सारखं चेतवलं तर फिट येण्याची भीती होती. शिवाय एका उत्तरासाठी एकच विचार काही सेकंद घट्ट धरून ठेवावा लागे. त्यात शुभदाची दमछाक व्हायची. म्हणून पलंगाशेजारच्या टेबलावर एक साधा कॉम्प्युटर होता आणि त्यावर जाळी बनवणाऱ्या कंपनीचा एक प्रोग्राम. त्या प्रोग्राममध्ये एक टायमर होता. दर वीस मिनिटांनी तो एक ठरावीक काम चालवायचा. सूर वाजव, जाळी जागी कर, प्रश्न मोठ्यानं विचार, उत्तर वाच, पडद्यावर दाखव, जाळी झोपव. घरात याला सगळे 'फेरी' म्हणायचे.

दुखतंय का? हो. डोकं? नाही. पाठ? नाही. पाय? हो. डावा? हो.

आणि मग धनंजय किंवा दिवसभर कामाला असणाऱ्या कमलमावशी शुभदाचा डावा पाय उचलून टाचेखालची चादर सरळ करायच्या. शेवटी घरच्यांना स्वतःचे दोन प्रश्न टंकायची सोय होती. पहिल्या दिवशी ओवीनं टंकलं होतं, "आई, मी ओवी. ऐकू येतंय का गं?" पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'हो' उमटलं होतं.

ओवीला वीस मिनिटं फार वाटायची. नाशिकला नोकरीवर परत जाताना ती डॉक्टरांशी भांडली होती. "मधल्या वेळात काही झालं तर तिनं कुणाला सांगायचं? पाच करा."

"पाच केली तर महिनाभरात जाळी काढावी लागेल," डॉ. पाटणे म्हणाले होते. "वीसच्या खाली नाही जाता येणार."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी धनंजयनं आयुष्यभर असलेच प्रोग्राम लिहिले होते. उसाचा ट्रक काट्यावर आला की ठरावीक वेळानं वजन वाचायचं आणि पडद्यावर दाखवायचं. दोन वाचनांच्या मधे काट्यावर काय होतं याचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

*

महिन्याच्या पहिल्या तारखेला एका फेरीत जादा प्रश्न असायचा. तो कंपनीनं घातला नव्हता, कायद्यानं घातला होता. "इच्छानोंद सुरू करायची आहे का?"

श्वासाच्या यंत्रावर असलेल्या आणि उत्तर देऊ शकणाऱ्या प्रत्येक माणसाला ते यंत्र नाकारायचा हक्क नव्या कायद्यानं दिला होता. पण एका उत्तरावर कुणाचा जीव जाऊ नये याचीही काळजी घेतली होती. एखादा दिवस वाईट असतो, जाळीही चुकू शकते. म्हणून नोंद सुरू झाली की सहा आठवडे रोज कुठल्यातरी एका फेरीत, न सांगता, एकच प्रश्न यायचा, "श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं का?" सहाही आठवडे उत्तर 'नाही' आलं तर अधिकारी आणि दोन डॉक्टर घरी येणार, गुंगीचं औषध देणार आणि यंत्र बंद करणार. एखाद्या दिवशी फेऱ्या कमी पडल्या तर तो दिवस बाद, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वर्षभर शुभदाचं या जादा प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर असायचं. तो प्रश्न आला की धनंजय पेपरमधून डोकंही वर काढत नसे. मार्चच्या एक तारखेला त्यानं ते वर काढलं, कारण फरशी पुसणाऱ्या कमलमावशींचा हात मधेच थांबला होता.

पडद्यावर 'हो' होतं.

"चुकून आलं असंल," कमलमावशी म्हणाल्या.

"चुकूनच," धनंजय म्हणाला. त्यानं घाईघाईनं घरचा प्रश्न टंकला, "शुभा, मघाचा प्रश्न नीट ऐकला होतास का?" आणि वीस मिनिटं तो खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. सूर वाजला. दुखतंय का? नाही. उकडतंय का? नाही. मग त्याचा प्रश्न.

हो.

इच्छानोंद अधिकारी डॉ. तहसीन मुजावर दोन दिवसांनी आल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई. आल्या आल्या त्या धनंजयकडे न जाता पलंगाशी गेल्या. "शुभदाताई, मी तहसीन. थोडा वेळ बसणार आहे तुमच्याजवळ," असं म्हणून तीन फेऱ्या तिथंच बसून राहिल्या. मग बाहेर येऊन त्यांनी धनंजयनं पुढे केलेला चहा घेतला.

"मॅडम, तिला कंटाळा आला असेल हो," धनंजय म्हणाला. "उन्हाळा लागलाय. मागच्या महिन्यात ताप येऊन गेला. अशा वेळी माणूस काहीही बोलतो."

"म्हणूनच सहा आठवडे आहेत, कोथळेसाहेब."

"आणि माझं म्हणणं? मी इतकी वर्षं तिचं सगळं करतोय. मला काही विचारणार आहात की नाही?"

मुजावरबाईंनी कप खाली ठेवला. "तुमचं मत विचारायची कायद्यात सोय नाही," त्या म्हणाल्या. "मला विचाराल तर, हे त्या कायद्यातलं सगळ्यात अवघड कलम आहे. रोज कुठल्यातरी घरात मला ते सांगावं लागतं."

त्या संध्याकाळी ओवीचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, आईला जे हवंय ते होऊ दे." आणि रडत रडत तिनं फोन ठेवला.

*

चौथ्या आठवड्यात तो प्रकार घडला.

धनंजय कारखान्याच्या कामासाठी बाहेर गेला होता. दुपारी परत आला तेव्हा कमलमावशी पलंगाशेजारी बसून भाजी निवडत होत्या. घर फार शांत वाटलं. हातपाय धुऊन चहा घेऊन झाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आल्यापासून सूर ऐकला नाही.

पडद्यावर प्रोग्रामच्या मधोमध एक छोटी चौकट उघडी होती. "अक्षरांचा आकार निवडा", आणि खाली 'ठीक' आणि 'रद्द' ही दोन बटणं.

"मावशी, हे कुणी उघडलं?"

"अवो, धूळ पुसताना तो उंदीर हलला असंल. म्या कायबी केलं न्हाई. मला वाटलं ताई झोपल्यात, म्हणून वाजत नसंल."

त्यानं 'रद्द' दाबलं. सूर तत्काळ वाजला, जणू दाराबाहेर ताटकळत उभा होता. दुखतंय का? हो. डोकं? हो. उजवी बाजू? हो.

शुभदाचा उजवा कान उशीखाली दुमडला गेला होता. सकाळी कूस बदलताना ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कान जांभळा झाला होता आणि पाळीच्या वर कातडी फाटली होती. जवळजवळ चार तास ती त्या कानावर पडून होती, पुढच्या फेरीची वाट बघत.

धनंजयनं कंपनीला फोन लावला. तिच्या उशाशी उभा राहूनच तो ओरडत होता.

"तुमची खिडकी आणि तुमचा टायमर एकाच रांगेत उभे केलेत तुम्ही! माउसचं बटण दाबलं, पडदा रंगवायचा, टायमरची वेळ झाली, सगळी कामं एकाच कारकुनाकडे. आणि ही चौकट उघडली की तो कारकून 'आधी मला उत्तर द्या' म्हणून तिथंच उभा राहतो. मागे टायमर बोंबलतोय ते त्याला ऐकूच येत नाही. अहो, काट्याच्या प्रोग्रामात असं झालं तर ट्रकची रांग लागते. इथं माणूस आहे!"

पलीकडच्या पोरानं दोष मान्य केला. प्रोग्रामची नवी आवृत्ती येतेय, त्यात ही अडचण राहणार नाही, म्हणाला. कधी येईल ते त्याला सांगता येईना.

धनंजयनं कानाला मलम लावलं. शुभदाजवळ बसून तो पुन्हा पुन्हा म्हणाला, "चुकलं गं. पुन्हा नाही होणार." ते तो मनापासून म्हणत होता.

संध्याकाळी मुजावरबाईंचा फोन आला. "आज तुमच्याकडच्या फेऱ्या कमी पडल्यात. कारण कळलं मला, कंपनीनं सांगितलं. पण दिवस बाद झालाय, कोथळेसाहेब. मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"बरं," धनंजय म्हणाला.

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. ताट वाढून घेतलं. दुसरी भाकरी मोडताना त्याच्या ध्यानात आलं की कित्येक दिवसांनी आपण पोटभर जेवतोय. त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला. आणि मग पुन्हा उचलून खाल्ला.

*

पुढचे पाच आठवडे रोज तो प्रश्न आला, आणि रोज 'नाही' आलं. कधी सकाळच्या पहिल्या फेरीत, कधी जेवणाच्या वेळी. धनंजय सूर वाजला की उठून गॅलरीत जाऊ लागला. कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त असायचं. पण प्रोग्राममधल्या बाईचा सपाट आवाज गॅलरीतही ऐकू यायचा, आणि उत्तर आल्यावर कमलमावशी एक बारीकसा 'च्च' करायच्या, त्यावरून काय ते कळायचं.

सहावा आठवडा लागला. त्या सोमवारी तो कमलमावशींना म्हणाला, "आज दुपारी मी आहे. तुम्ही घरी जाऊन या. नातवाला भेटून या."

त्या गेल्यावर त्यानं दार लावलं. शुभदाची कूस बदलली, दोन्ही कान बोटांनी सरळ केले, टाचांखाली मऊ कापडाच्या गुंडाळ्या ठेवल्या. तोंड ओल्या कापसानं पुसलं. मग टेबलाशी जाऊन माउस हातात घेतला आणि यादीतून 'अक्षरांचा आकार' निवडलं.

टिक.

चौकट उघडली. त्यानं माउस हळूच बाजूला सारून ठेवला.

ती सबंध दुपार तो जागचा हलला नाही. सारखं काहीतरी करत राहिला. पंखा कमी केला, पुन्हा वाढवला. तळपायांना तेल लावलं. रेडिओ लावला, बंद केला. "ऊन येतंय का तोंडावर? थांब, पडदा ओढतो. पाय आखडला असेल ना? हा घे, सरळ केला. बरं वाटलं?" प्रश्न तोच विचारत होता आणि उत्तरही तोच देत होता. व्हेंटिलेटर एका लयीत फुस्कारत होता. सूर वाजण्याची वेळ आली की धनंजय बोलायचा थांबायचा, आणि ती वेळ तशीच निघून गेली की पुन्हा बोलू लागायचा.

उन्हं उतरल्यावर त्यानं 'रद्द' दाबलं. दुखतंय का? नाही. सगळ्याला नाही. त्याला वाटलं, बघ, आपण तिला काही त्रास होऊ दिला नाही.

ओवीच्या फोनवर फेऱ्या दिसायच्या. "बाबा, दुपारी काय झालं? इतका वेळ काहीच नाही."

"वीज गेली होती."

"आणि बॅटरी?"

"तीही उतरली."

ओवी म्हणाली, "बॅटरी बदलून घ्या." तिच्या आवाजावरून तिनं काय ओळखलं ते त्याला समजलं, आणि ओवीनंही त्याला समजू दिलं.

मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा रोजचं 'नाही' येऊ लागलं. यावेळी मुजावरबाई स्वतः येऊन गेल्या. त्यांनी धनंजयकडे रोखून पाहिलं, पण आरोप केला नाही. "नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात बसेल," एवढंच म्हणाल्या. "मग कुठलीही चौकट उघडी राहिली तरी फेरी चुकणार नाही. टायमर वेगळा केलाय त्यांनी."

म्हणजे आता एकच संधी होती. नवी आवृत्ती बसायच्या आदल्या आठवड्यात धनंजयनं पुन्हा मावशींना घरी पाठवलं, पुन्हा तिचे कान, टाचा, चादर, सगळं नीट केलं, आणि पुन्हा चौकट उघडली.

यावेळी ते सोपं गेलं होतं. तासाभरानं तर तो खुर्चीत मागे रेलून डुलकीही घेऊ लागला. तिला पुसलेलं आहे, कूस बदललेली आहे, सगळं ठीक आहे. मधे एकदा उठून त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामानं थबथबलं होतं. उकाडा आहे, असं म्हणून त्यानं पंखा वाढवला. पुन्हा हात लावला तेव्हाही घाम होता, आणि गाल तापून लाल झाले होते.

"शुभा? काय होतंय?"

व्हेंटिलेटर फुस्कारत राहिला. त्यानं कान पाहिले. टाचा पाहिल्या. पाठीखाली हात घातला. गळ्यातली नळी पाहिली. कुठं काही दिसेना. "काय होतंय गं? सांग ना," असं म्हणून तो तिच्या तोंडाशी वाकला, आणि फेऱ्या आपणच अडवून ठेवल्यात हे त्याला तेव्हा आठवलं.

तो धावत टेबलाशी गेला. 'रद्द'. सूर. दुखतंय का? हो. डोकं? हो. मान? नाही. पाठ? नाही. बाई सावकाश विचारत होती आणि मधले प्रश्न गाळायची सोय नव्हती. हात? नाही. छाती? नाही. पोट? हो.

लघवीची नळी कूस बदलताना तिच्या मांडीखाली दाबली गेली होती. पिशवी रिकामी होती. त्यानं मांडी उचलली आणि नळी मोकळी केली. डॉ. पाटणे फोनवर म्हणाले, "वेळेत पाहिलंत. अजून थोडा वेळ गेला असता तर तुंबलेल्या लघवीनं रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला असता." वेळेत, हा त्यांचा शब्द होता.

*

धनंजयला त्यानंतर तिच्याशी बोलायचं होतं. पण बोलायचं म्हणजे तिच्याकडून उत्तर घ्यायचं, आणि ते घ्यायला एकच दार होतं. कमलमावशी परत आल्या होत्या. त्यांना बाहेर पाठवावं असं त्याच्या मनात आलं, पण त्यानं पाठवलं नाही. त्यानं दोन प्रश्न टंकले आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिला.

सूर वाजला. नेहमीचे प्रश्न झाले. मग कॉम्प्युटरमधल्या बाईनं, उकडतंय का हे विचारावं त्याच आवाजात विचारलं, "फेऱ्या मी मुद्दाम थांबवत होतो. तुला कळत होतं का?"

हो.

कमलमावशींनी पदर तोंडाला लावला. धनंजयला तो फोन आठवला. तिच्या उशाशी उभा राहून आपण ओरडत होतो, चौकट उघडली की काय होतं ते इत्थंभूत सांगत होतो. आणि नंतर दोनदा तिनं माउसची ती टिक ऐकली होती. पहिल्या दुपारी तो तिच्याशी इतका प्रेमानं बोलत होता, तेव्हा ती हे जाणून पडून होती.

"माझा राग आला का?" बाईनं विचारलं.

उत्तराला वेळ लागला.

नाही.

*

नवी आवृत्ती बसली. मोजणी त्याआधीच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. माणूस येऊन अर्ध्या तासात काम करून गेला. जाताना त्यानं चौकट उघडून ठेवून दाखवली, आणि ती उघडी असतानाच सूर वाजला. धनंजयनं मान डोलावली.

आता तो गॅलरीत जात नव्हता. प्रत्येक फेरीला तिचा हात हातात घेऊन बसायचा. श्वासाचं यंत्र चालू ठेवायचं का? नाही. दुसऱ्या दिवशी, नाही. ओवी महिनाभराची रजा टाकून आली. बापलेकींनी एकमेकांना काही विचारलं नाही. ती आईचे केस विंचरायची, तिच्या जुन्या विद्यार्थिनींना फोन लावून स्पीकरवर त्यांचे आवाज ऐकवायची. एक आता मुंबईच्या संघाची प्रशिक्षक झाली होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही मला पहिल्या दिवशी किती ओरडला होतात!" धनंजय हळूहळू तयार होत होता. कुणाला बोलवायचं, तिला कुठली साडी नेसवायची, हे त्यानं ओवीपाशी काढलंही. असं काही आपल्या तोंडून निघेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, एका सकाळी, दात घासता घासता ओवी धावत बाहेर आली.

"बाबा! आई 'हो' म्हणाली!"

"कशाला?"

"यंत्राला. चालू ठेवा म्हणाली!"

त्याला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न दुपारी आला. हो. तिसऱ्या दिवशी, हो. ओवी नाचायचीच बाकी होती. तिनं शिरा केला, शेजारी वाटला. कमलमावशींनी देवापुढे नारळ ठेवला. धनंजय शिऱ्याची वाटी हातात घेऊन शुभदाकडे बघत बसला होता. त्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, उमटणार नव्हतं.

आठवडाभर 'हो' आल्यावर मुजावरबाई आल्या. नेहमीप्रमाणे आधी शुभदाशी बोलल्या. मग म्हणाल्या, "नोंद मागे घेतली गेलीय. उद्यापासून हा प्रश्न येणार नाही."

"आणि महिन्याच्या पहिल्या तारखेचा?"

"तोही वर्षभर नाही. दर महिन्याला विचारून विचारून माणसाला तिकडे ढकलल्यासारखं होऊ नये, म्हणून तसा नियम केलाय."

धनंजय उठून उभा राहिला. "मॅडम, तो प्रश्न काढू नका."

"म्हणजे?"

"राहू दे तो. ती हे माझ्यासाठी म्हणत असेल. मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण तुम्हाला माहीत आहे. तिनं बघितलंय, मी कुठल्या थराला गेलो ते. आता ती सहन करतेय. उद्या तिला नकोसं झालं तर सांगणार कुठं?"

"कोथळेसाहेब," मुजावरबाई म्हणाल्या, "चार महिन्यांपूर्वी तुम्ही मला म्हणत होतात, हिच्या 'नाही'वर विश्वास ठेवू नका. आज म्हणताय, 'हो'वर ठेवू नका. मी कशावर ठेवायचा?"

जाताना दारात थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जाळी फक्त तिनं कुठला शब्द निवडला ते सांगते. का निवडला, ते तिचं तिलाच ठाऊक. त्याच्या आत शिरायला माझ्याकडे कलम नाही, आणि असू नये."

त्या गेल्यावर धनंजय टेबलाशी बसला. घरच्या दोन प्रश्नांची जागा रिकामी होती. त्यानं पहिला टंकला, "यंत्र चालू ठेवायचं ना?" या प्रश्नाला आता कायद्यात किंमत नव्हती. मग बराच वेळ बोटं तशीच ठेवून त्यानं दुसरा टंकला, "माझ्यासाठी म्हणतेस का?"

ओवी मागे येऊन उभी राहिली होती. तिनं ते वाचलं. दोघंही वाट बघत राहिले.

सूर वाजला. दुखतंय का? नाही. उकडतंय का? नाही. यंत्र चालू ठेवायचं ना? हो.

माझ्यासाठी म्हणतेस का?

नाही.

ओवीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा. 'नाही' म्हणाली."

"हं."

"मग? आता तरी?"

"माझ्यासाठी असतं, तरी 'नाही'च म्हणाली असती," धनंजय म्हणाला.

ओवीचा हात खांद्यावर तसाच राहिला. धनंजय उठला, पलंगाशी गेला, आणि दुखत नाही असं शुभदानं आत्ताच सांगितलेलं असूनही, पायाच्या बोटांपासून सुरुवात करून तिचं सगळं अंग हातानं चाचपून पाहू लागला.